केरळचे आरोग्य : निसर्गाचे दान की माणसांची साधना?

मुंबई, वसई, पुणे अथवा नाशिक येथील एखाद्या मोठ्या रुग्णालयात आपला कोणी आप्त दाखल असेल, तर रात्रपाळीला त्याच्या उशाशी उभी राहणारी परिचारिका केरळची असण्याचा संभव बराच असतो. आपल्या अनेक धर्मग्रामांत सेवा करणाऱ्या धर्मभगिनीही केरळातूनच आलेल्या आहेत. आजाऱ्याची सेवा आणि केरळ यांचे नाते आपल्या मनात इतके पक्के झाले आहे, की त्यामागील कारणांचा विचार आपण सहसा करीत नाही. 'तिकडची हवाच चांगली', 'तिथे हिरवळ आणि पाणी भरपूर', असे म्हणून आपण मोकळे होतो. हा समज कितपत खरा आहे, याचा शोध प्रस्तुत लेखात घेण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रारंभी काही आकडे पाहू. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली भारतात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी २८ बालके पहिला वाढदिवस पाहू शकली नाहीत. केरळात हीच संख्या ६ होती. २०१८ ते २०२० या काळात देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचा मृत्यू झाला. महाराष्ट्रात ३३ आणि केरळात १९ मातांचा. २०१४ ते २०१८ या काळातील अंदाजानुसार भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान ६९.४ वर्षे होते, तर केरळातील माणसाचे ७५.३ वर्षे. विशेष म्हणजे, केरळ हे देशातील सर्वांत श्रीमंत राज्य नसतानाही त्याने हे साध्य केले. मग हे घडले कसे?

पाण्याचा प्रदेश

केरळ ही सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये पसरलेली एक चिंचोळी पट्टी आहे. क्षेत्रफळ सुमारे ३८,८६० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक अष्टमांशाच्या आसपास. पूर्वेस उंच डोंगर, मध्ये टेकड्यांचा प्रदेश आणि पश्चिमेस सखल किनारा, अशी तिची रचना आहे. २,६९५ मीटर उंचीचे आनमुडी हे सह्याद्रीचे सर्वोच्च शिखर येथेच आहे. डोंगराची ही भिंत पालघाट येथील रुंद खिंडीत तेवढी तुटते. तमिळनाडूशी शतकानुशतकांची ये-जा या वाटेने झाली.

पावसाचे येथे दोन हंगाम आहेत. जूनमध्ये नैऋत्य मोसमी पाऊस भारताच्या मुख्य भूमीवर प्रथम येथेच पोहोचतो, आणि ऑक्टोबरनंतर ईशान्येकडील वारे दुसऱ्यांदा पाऊस घेऊन येतात. वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. राज्यात ४४ नद्या असून त्यांपैकी ४१ पश्चिमेकडे वाहतात. बहुतेक नद्या आखूड व उताराच्या असल्यामुळे डोंगरावरचे पाणी अल्पावधीत किनाऱ्यावर येऊन थडकते. तेथे वेंबनाड सरोवरासारखी विस्तीर्ण बॅकवॉटर्स आहेत. कुट्टनाड भागात तर समुद्रसपाटीच्या खाली बांध घालून भाताची शेती केली जाते. कोकणातील खाजणशेती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या कष्टांची कल्पना सहज येईल.

या भूमीत माणसे दाटीने राहतात. २०११ च्या जनगणनेनुसार केरळची लोकसंख्या ३ कोटी ३४ लाख होती; दर चौरस किलोमीटरला ८६० माणसे. महाराष्ट्रात हेच प्रमाण ३६५ होते. गाव कोठे संपले आणि शहर कोठे सुरू झाले, हे प्रवाशाला कळत नाही. बहुतेक घरांच्या परसात विहीर असते आणि तिच्यापासून थोड्याच अंतरावर शौचालयाचा खड्डा.

साचलेले पाणी, दमट हवा, दाट वस्ती आणि उथळ विहिरी हे सारे एकत्र आले म्हणजे रोगांना मोकळे रान मिळते. कॉलरा, देवी, अंकुशकृमी, हत्तीरोग यांनी या भूमीला दीर्घकाळ ग्रासले होते. तेव्हा निसर्गाने केरळला आरोग्य बहाल केले, हे म्हणणे टिकत नाही.

शाप नव्हे, डास

हत्तीरोगाची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. या रोगात पाय सुजून हत्तीच्या पायासारखा होतो. कोची परिसरात त्याचे रुग्ण इतके आढळत, की परदेशी लोक त्याला 'कोचीन पाय' म्हणू लागले. सोळाव्या-सतराव्या शतकातील युरोपीय प्रवाशांच्या लिखाणात त्याचे आणखी एक नाव येते, 'संत थॉमसचा पाय'. ज्यांनी प्रेषित थॉमस यांचा छळ केला, त्यांच्या वंशजांना हा रोग जडतो, अशी दंतकथा तेव्हा प्रचलित होती. रुग्णाच्या वाट्याला वेदना तर आलीच, वर पूर्वजांच्या पापाचा डागही आला.

खरे कारण अगदी वेगळे होते. आलप्पुळा जिल्ह्यातील चेर्तला भागात तळी व डबकी पुष्कळ आहेत. नारळाची सोडणे कुजवून काथ्या काढण्यासाठी लोक परसात खड्डे खणत. या पाण्यावर पिस्टिया नावाची, कोबीच्या छोट्या गड्ड्यासारखी दिसणारी वनस्पती तरंगते. मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या श्वासासाठी पाण्याच्या पृष्ठभागावर येत नाहीत. त्या या वनस्पतीच्या मुळांना चिकटून तेथूनच हवा शोषतात. या डासांच्या चाव्यातून ब्रुगिया मलायी हा कृमी माणसाच्या शरीरात शिरतो आणि हत्तीरोग होतो. एम. ओ. टी. अय्यंगार या शास्त्रज्ञाने त्रावणकोरमधील या रोगाचा कसून अभ्यास करून १९३८ साली तो प्रसिद्ध केला. वनस्पती काढली म्हणजे डास कमी होतात, हेही तेव्हा दिसून आले होते. पुढे १९८० च्या दशकात पुदुच्चेरी येथील कीटकनियंत्रण संशोधन केंद्राने चेर्तला भागात लोकांना सोबत घेऊन काम उभे केले. तळ्यांतील वनस्पती उपसून त्यांत माशांची पैदास सुरू केली. तळे स्वच्छ राहिले तर मासे मिळतात आणि मासे मिळतात म्हणून माणूस तळे स्वच्छ ठेवतो, असा तो साधा हिशेब होता.

योहानलिखित शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाविषयी शिष्य प्रभू येशूला विचारतात, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू दोन्ही शक्यता नाकारतो आणि त्या माणसाला दृष्टी देतो. संत थॉमस यांच्या नावाने सांगितली गेलेली शापाची कथा त्यांच्या गुरूच्या या शिकवणुकीशी किती विसंगत होती, हे निराळे सांगावयास नको.

दर्यावरून आलेली माणसे

केरळचा इतिहास समुद्राने घडविला आहे. मिरी व अन्य मसाल्यांसाठी रोमन, अरब, यहुदी व चिनी व्यापारी येथील बंदरांत येत. प्रेषित थॉमस इ. स. ५२ मध्ये कोडुंगल्लूर येथे उतरले, अशी येथील ख्रिस्ती समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. १४९८ साली वास्को-द-गामा कोळिक्कोडजवळ पोहोचला आणि पोर्तुगीज पर्व सुरू झाले. आज लॅटिन, सिरो-मलबार व सिरो-मलंकरा या तिन्ही विधींचे कॅथोलिक येथे नांदतात. २०११ च्या जनगणनेत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण १८.४ टक्के होते.

आपल्या भूमीचा या इतिहासाशी एक जुना धागा आहे. १३२१ साली ठाणे येथे फ्रान्सिस्कन संघाच्या चौघांना रक्तसाक्षित्व लाभले. त्यांचे सहप्रवासी, डॉमिनिकन संघाचे फादर जॉर्डन, यांनी त्यांचे अवशेष सोपारा येथे नेऊन दफन केले. याच जॉर्डन यांची १३२९ साली पोप बावीसावे जॉन यांनी कोल्लमचे, म्हणजे त्या काळच्या क्विलॉनचे, बिशप म्हणून नेमणूक केली. भारतातील हा पहिला लॅटिन धर्मप्रांत होय.

दुसरा धागा आरोग्याशी थेट निगडित आहे. सतराव्या शतकात कोचीचे डच गव्हर्नर व्हॅन रीड यांनी केरळमधील वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. सातशेहून अधिक वनस्पती व त्यांचे औषधी उपयोग त्यात नोंदलेले आहेत. हे ज्ञान पुरविणारे मुख्य वैद्य होते ईळवा समाजाचे इट्टी अच्युतन. त्यांच्याबरोबर रंगा भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचे नागरी लिपीत, कोकणी भाषेत लिहिलेले निवेदन ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेले आहे. संत जोसेफचे मॅथ्यू या कार्मेलाइट धर्मगुरूचाही या कामाच्या प्रारंभी हातभार लागला. प्रॉटेस्टंट अधिकारी, कॅथोलिक धर्मगुरू, ब्राह्मण वैद्य आणि तत्कालीन समाजाने खालचे मानलेल्या जातीतील वैद्य, असे सर्वजण एका कामासाठी एकत्र आले. रोग्याला बरे करणारी वनस्पती कोणी ओळखली, याला तेथे महत्त्व होते. ओळखणारा कोणत्या जातीचा, याला नव्हते.

चर्चशेजारी शाळा

ज्ञान असून भागत नाही. ते घराघरांत पोहोचावे लागते. १८१७ साली त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वती बाई यांनी शिक्षणाचा खर्च राज्याने उचलावा, असे फर्मान काढले. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी मुलींसाठी शाळा उघडल्या. कॅथोलिक समाजात या कार्याला गती दिली ती संत कुरियाकोस एलियास चावरा यांनी. १८०५ साली कुट्टनाडातील कैनकरी येथे जन्मलेल्या या धर्मगुरूंनी १८३१ साली मान्नानम येथे आपल्या सहकाऱ्यांसह व्रतस्थांचा संघ उभारला. व्हिकर जनरल असताना १८६४ साली त्यांनी आज्ञा केली, की प्रत्येक चर्चसोबत शाळा असलीच पाहिजे. गरीब मुले उपाशीपोटी शिकू शकणार नाहीत, हे जाणून त्यांनी दुपारच्या जेवणाची सोय केली. त्यासाठी घरोघरी स्वयंपाकापूर्वी मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची 'पिडियरी' ही प्रथा त्यांनी रूढ केली. १८६६ साली त्यांनी स्त्रियांसाठी व्रतस्थ संघ स्थापन केला आणि मुलींच्या शिक्षणाची वाट रुंद झाली. निराधार, मरणोन्मुख लोकांसाठी कैनकरी येथे त्यांनी आश्रयगृहही उघडले.

शाळेचा आरोग्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. वाचता येणारी आई औषधाच्या बाटलीवरील सूचना वाचते, पाणी उकळते, लसीची तारीख लक्षात ठेवते आणि मूल आजारी पडले म्हणजे वेळेवर दवाखाना गाठते. शिवाय शिकलेली मुलगी लहान वयात बोहल्यावर चढत नाही. केरळातील बालमृत्यू घटण्यामागे मातांचे शिक्षण हे एक मोठे कारण असल्याचे अभ्यासक एकमुखाने सांगतात.

येथे एक कटू सत्य नोंदविणे आम्हांस आवश्यक वाटते. शाळा, रस्ते आणि विहिरी सर्वांसाठी खुल्या नव्हत्या. दलितांच्या मुलांना शाळेत घ्यावे, म्हणून अय्यंकाळी यांना लढा द्यावा लागला. १९१० साली पंचमी या दलित मुलीला त्यांनी शाळेत नेले, तेव्हा ती शाळाच जाळण्यात आली. श्री नारायण गुरूंनी जातिभेदाविरुद्ध आयुष्य वेचले. १९२४-२५ च्या वैकोम सत्याग्रहाने मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्याचा हक्क मागितला. ख्रिस्ती समाजही जातीच्या विटाळापासून मुक्त नव्हता. ज्या रस्त्यावरून चालता येत नाही, त्या रस्त्यावरच्या दवाखान्याचा उपयोग काय? म्हणून केरळच्या आरोग्याचे श्रेय या समाजसुधारकांनाही द्यावे लागेल.

लस, परिचारिका आणि दोन प्रदेश

देवीची लस त्रावणकोरमध्ये १८१३ च्या सुमारास राणी गौरी लक्ष्मी बाई यांच्या कारकिर्दीत आली. लोकांची भीती घालविण्यासाठी राजघराण्यातील व्यक्तींनी ती आधी स्वतः टोचून घेतली. १८७९ च्या फर्मानाने सरकारी नोकर, विद्यार्थी व कैदी यांना लस सक्तीची झाली.

शुश्रूषा हे काम त्या काळी हलके मानले जाई. रोग्याचे मलमूत्र काढणे कुलीन स्त्रियांना शोभत नाही, अशी समजूत होती. कोल्लमचे बिशप बेन्झिगर यांच्या प्रयत्नांनी १९०६ साली स्वित्झर्लंडहून होली क्रॉस संघाच्या भगिनी त्रिवेंद्रमच्या सरकारी रुग्णालयात आल्या. त्यांनी हे काम प्रार्थनेइतक्याच निष्ठेने केले आणि स्थानिक मुलींना शिकविले. पुढे ख्रिस्ती कुटुंबांतील मुली या व्यवसायात येऊ लागल्या. डॉ. मेरी पुन्नन लूकोस यांनी त्रिवेंद्रमच्या महिला रुग्णालयाची धुरा वाहिली आणि १९३८ साली त्या त्रावणकोरच्या सर्जन जनरल झाल्या. त्या काळी एका स्त्रीने संपूर्ण संस्थानाचे आरोग्यखाते सांभाळणे ही जगात दुर्मीळ गोष्ट होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी केरळ राज्य अस्तित्वात आले. त्रावणकोर-कोची आणि मद्रास प्रांतातील मलबार यांचा त्यात मुख्यतः समावेश होता. आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. मलबारमध्ये तोच पाऊस, तशाच नद्या, तीच मल्याळम भाषा होती. परंतु ब्रिटिश राजवटीने तेथे शाळा व रुग्णालये यांवर फारसा खर्च केला नव्हता, त्यामुळे आरोग्याच्या बाबतीत मलबार दक्षिणेकडील संस्थानांच्या बरेच मागे होते. राज्यनिर्मितीनंतर उत्तरेत प्राथमिक आरोग्य केंद्रे, शाळा व वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले आणि ही दरी हळूहळू भरून आली. हवा तीच राहिली. माणसांचे निर्णय बदलले.

१९९१ साली केरळ संपूर्ण साक्षर राज्य म्हणून घोषित झाले. १९९६ पासून लोकनियोजन मोहिमेतून पंचायतींना निधी मिळाला आणि गावच्या आरोग्य केंद्राचा कारभार ग्रामस्थांच्या नजरेखाली आला.

कसोटीचे दिवस

मे २०१८ मध्ये कोळिक्कोड जिल्ह्यात निपाह या विषाणूची साथ आली. फळे खाणाऱ्या वटवाघळांच्या शरीरात राहणाऱ्या या विषाणूवर खात्रीचे औषध नव्हते. आरोग्य कर्मचाऱ्यांनी रुग्णांच्या संपर्कात आलेल्या शेकडो व्यक्तींचा शोध घेऊन साथ आटोक्यात आणली. परंतु पेरांब्रा येथील रुग्णालयात रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या लिनी या तरुण परिचारिकेला आपला प्राण गमवावा लागला. दोन लहान मुलांच्या या मातेने अखेरच्या घटकेत पतीसाठी चिठ्ठी लिहून ठेवली होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापुराने चारशेहून अधिक बळी घेतले. किनाऱ्यावरील मच्छीमार आपल्या होड्या ट्रकवर चढवून पूरग्रस्त गावांत धावले आणि त्यांनी हजारो लोकांना वाचविले. त्यांत कॅथोलिक कोळी बांधव मोठ्या संख्येने होते. पूर ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिस फैलावला, तेव्हा चिखल उपसणाऱ्यांना प्रतिबंधक गोळ्या देण्यात आल्या. ३० जानेवारी २०२० रोजी भारतातील पहिल्या कोविड रुग्णाचे निदान त्रिशूर येथे झाले. ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये दरड कोसळून शेकडो जीव गेले. २०२४ व २०२५ मध्ये पाण्यातील अमिबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण आढळले आणि विहिरींत क्लोरीन टाकण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. पाण्याशी चाललेला हा झगडा कधीच कायमचा संपत नाही.

नवी दुखणी वेगळी आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार केरळातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण २५.५ टक्के होते. गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक. २०११ सालीच केरळातील १२.६ टक्के लोक साठीच्या पुढचे होते. मुले परदेशी आणि वृद्ध आईवडील मोठ्या घरात एकटे, हे चित्र आता केरळापुरते राहिलेले नाही. वसई आणि गोव्यातील घरांतही ते दिसते.

यावरही केरळने एक मार्ग दाखविला आहे. १९९३ साली कोळिक्कोड येथे बरे न होणाऱ्या रुग्णांच्या वेदना शमविण्यासाठी एक संस्था सुरू झाली. पुढे गावोगावचे स्वयंसेवक प्रशिक्षण घेऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागले आणि २००८ साली राज्य सरकारने यासाठी स्वतंत्र धोरण आखले. परिचारिका जखम धुते, स्वयंसेवक गप्पा मारतो, शेजारी तांदूळ पोहोचवितो. संत चावरा यांच्या मूठभर तांदळाचीच ही पुढची आवृत्ती म्हणावी लागेल.

आपल्यासाठी काय?

२००८ साली संतपद लाभलेल्या भरणंगानमच्या संत अल्फोन्सा यांचे बरेचसे आयुष्य आजारपणात गेले. आजाऱ्याचे जीवन वाया गेलेले नसते, हे त्यांच्या चरित्रातून आपण शिकतो. मात्र टाळता येण्याजोगा आजार देवाची इच्छा म्हणून सोसत राहावे, असा त्याचा अर्थ नाही.

केरळचे आरोग्य हे हवेचे वा हिरवळीचे दान नव्हे. टोचून घेतलेली लस, उकळलेले पाणी, शाळेत गेलेली मुलगी आणि रात्री जागणारी परिचारिका यांनी ते दोनशे वर्षांत कणाकणाने घडविले. आपल्या धर्मग्रामातही डबकी आहेत, मधुमेही आहेत, एकटे वृद्ध आहेत. या रविवारी मिस्सानंतर आपल्या गल्लीतील अंथरुणाला खिळलेल्या एका व्यक्तीच्या घरी जाऊन अर्धा तास बसावे आणि घरामागचे साचलेले पाणी काढून टाकावे, एवढी विनंती आम्ही वाचकांना करतो. आणि पुढच्या वेळी रुग्णालयात केरळची परिचारिका भेटली, तर तिला नावाने हाक मारून तिचे आभार मानण्यास आपण विसरू नये.